बाहेर थांबणाऱ्याची दोरी

प्रिय मुंगी,

तुझी एक वेणी घालून झाली होती आणि दुसरीला रिबीन सापडत नव्हती. दूध वर यायला लागलेलं. मी एका हातानं गॅस बारीक करतेय, दुसऱ्या हातात तुझे केस, आणि तू मान हलवत पाढे म्हणतेस. बाबा दाराशी बसून बूट घालत होते. त्यांनी खिशातून कामावरच्या दोरीचा तुकडा काढला, त्याचा एक पीळ सोडवला आणि तुझ्या वेणीला अशी गाठ मारली, की तू म्हणालीस, "बाबा, मी काय टाकीत उतरणार आहे का?" ते म्हणाले, "टाकीत नको, शाळेतच उतर. पण ही गाठ सुटायची नाही, लिहून घे." मग ते गेले, तू गेलीस. मी ओटा पुसला, कपडे भिजवले, खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं, सांडलेलं पाणी पुन्हा पुसलं. बस, एवढंच. पुढं लोक विचारायचे, सकाळी मनात काही आलं होतं का? काही आलं नव्हतं. मनात एवढंच होतं, की ती रिबीन गेली कुठं.

हे पत्र तुला सोमवारच्या आत मिळायला हवं, म्हणून उद्याच्या पहिल्या गाडीनं पाठवतेय. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी काय केलं ते तू पाहिलंस. तू एवढ्या आनंदानं सांगत होतीस. शनीच्या त्या मोठ्या चंद्रावरची हवा तुम्ही एका मोठ्या खोलीत भरता, तिथली थंडीही आणता, आणि आत यंत्रं चालतात का ते बघता. दुरुस्तीला माणसं पाठीवर स्वतःची हवा घेऊन आत जातात. सोमवारपासून त्या खोलीच्या दारावर तुझी नेमणूक. आणि मग तू म्हणालीस, "आई, मी आत जायचंच नाहीये. मी बाहेर थांबणार, काचेपाशी. तुला काळजीचं कारणच नाही." मी फोन ठेवला. तू पुन्हा केलास, मी उचलला नाही. मग तुझा निरोप आला, की माझं काही चांगलं झालेलं तुला बघवतच नाही का. तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. पण ऐक, मुंगी. सगळं वाच, मग राग धर.

तुला हे वेड लावलं कोणी? मीच. बाबा गेल्यावर मला कळेना, की हवेनं माणूस मरतो कसा. धूर नाही, वास नाही, आग नाही. कारखान्यातले साहेब म्हणाले, "तेल खवट होऊ नये म्हणून टाकीत नायट्रोजन भरलेला असतो, वहिनी. तो विषारी नसतो." विषारी नसतो तर मग माझा नवरा कशानं गेला? मी जेमतेम शाळा केलेली बाई. वाचनालयात गेले आणि ग्रंथपालबाईंना म्हटलं, हवेवरचं पुस्तक द्या. त्यांनी मला पंख्यांच्या दुरुस्तीचं पुस्तक दिलं. मग नीट सांगितलं, तेव्हा त्या मला आतल्या कपाटापाशी घेऊन गेल्या. तिथं हवेची पुस्तकं आणि ग्रहांची पुस्तकं एकाच फळीवर होती. हवेची संपली तेव्हा मी ग्रहांची घेतली. पुढं त्या बाई माझी चेष्टा करायच्या, "काय हो, घर बदलायचा विचार आहे का?"

जे वाचायचे ते मी तुला सांगायचे. कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना. तुझा एकच प्रश्न असायचा, "तिथं श्वास घेता येईल?" शुक्रावर? नाही ग. तिथं कार्बन डायऑक्साइड, तोही इतका दाबून भरलेला, की अंगावर समुद्र ठेवल्यासारखं होईल, आणि उष्णता भट्टीची. मंगळावर? तिथंही तोच वायू, पण इतका विरळ, की असून नसल्यासारखा. गुरूवर? उभं राहायला जमीनच नाही. तू तोंड वाकडं करायचीस, जणू मीच ते ग्रह असे करून ठेवलेत. एकदा मी तुला सांगितलं, की आपल्या पृथ्वीवरसुद्धा तिच्या आयुष्याचा कितीतरी काळ आपण जगलो नसतो. पाण्यातल्या हिरव्या शेवाळासारख्या बारीक जिवांनी युगानुयुगं खपून ही हवा श्वास घेण्याजोगी केली. तुला ते फार आवडलं. नंतर आठवडाभर तू मला मोरीच्या कडेचं शेवाळ घासू दिलं नाहीस.

आणि मग आपण शनीच्या त्या चंद्रापाशी आलो. मी वाचून दाखवलं, की तिथली हवा बहुतेक सगळी नायट्रोजनची, आपल्या इथल्यापेक्षा दाट. ढग आहेत, पाऊस आहे, नद्या आहेत. पाण्याच्या नाहीत, पण आहेत. तू उड्या मारायला लागलीस, मिळालं मिळालं म्हणून. मी म्हटलं, मिळालं नाही ग. आपल्या हवेतही नायट्रोजनच जास्त असतो, पण आपण जगतो ते उरलेल्या ऑक्सिजनवर. तिथं तो नाही. थंडीपासून वाचलीस, तरी तिथं नुसता श्वास घेतलास तर तुला काही कळणारसुद्धा नाही. गुदमरल्यासारखं जे वाटतं, ते आतला कार्बन डायऑक्साइड साठत गेला की वाटतं. तो तर तिथं सुखानं बाहेर पडत राहील. छाती वरखाली होत राहील, सगळं ठीक वाटेल, आणि दोन-चार श्वासांत तू खाली. तू उड्या थांबवल्यास. मग म्हणालीस, "म्हणजे बाबांच्या टाकीसारखं." मी हो म्हटलं आणि वाटाणे सोलत राहिले.

बाबांची गोष्ट तुला तोंडपाठ आहे. तुला काय, सगळ्या कारखान्याला आहे. बाबांच्या जोडीचे लंबूकाका टाकी धुवायला उतरले होते, बाबा वर झाकणाशी थांबले होते. कुठली तरी झडप नीट बंद नव्हती. लंबूकाका खाली कोसळले आणि बाबा त्यांना काढायला आत उतरले. दोघंही परत आले नाहीत. कारखान्याच्या जेवणघरात बाबांचा फोटो लागला. शाळेत तू 'माझे बाबा' हा निबंध वाचलास. "माझे बाबा दुसऱ्यासाठी गेले, मीही त्यांच्यासारखीच होणार." तुझ्या बाईंनी डोळे पुसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या टाळ्या वाजवताना माझ्या मनात काय चाललं होतं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटत होतं, दारात बूट घालताना ज्याला पोरीची वेणी दिसली, त्याला झाकणाशी ती आठवली नाही? मी आठवले नाही? आत काय आहे ते त्यांना माहीत होतं. झाकणावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. तरी आम्हाला मागं टाकून ते उतरले, तेही विचार करून, असंच मी इतकी वर्षं धरून बसले. लोक त्यांना शूर म्हणायचे तेव्हा मी मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, बाई दुःखात आहे. मी दुःखात होतेच. पण रागातही होते.

तूही एकदाच विचारलंस. भांडी विसळत होतीस. "आई, बाबांना माहीत होतं ना? मग ते का गेले?" मी म्हटलं, "ते पातेलं आतून नीट घास." पुन्हा तू कधी विचारलं नाहीस.

माझं काम काय, हे तुला माहीत आहे असं तुला वाटतं. आधी मी बाटल्यांना बुचं लावायचे. मग नवे नियम आले, की टाकीत माणूस उतरला तर झाकणाशी एक माणूस बसलाच पाहिजे आणि त्यानं काही झालं तरी आत जायचं नाही. उतरणाऱ्याला बांधलेली दोरी बघायची, हाक मारायची, वेळ आली तर भोंगा वाजवायचा आणि वरच्या तिपाईचा दांडा फिरवून आतल्याला बाहेर ओढायचं. नुसतं बसायचं काम म्हणून कुणाला नको होतं. मी हात वर केला. सुपरवायझर म्हणाला, "काकू, तुम्ही? तिथं?" मी म्हटलं, "तिथंच."

तिथं बसणारीचं खरं काम बोलण्याचं. हवा कमी पडायला लागली की आधी डोकं बिघडतं, पाय नंतर. म्हणून नुसतं "ठीक आहे ना?" विचारून चालत नाही, "हो" तर झोपेतही म्हणता येतं. मी विचार करावा लागेल असं विचारते. काल डब्यात काय होतं? सासूबाई कुठल्या नातेवाइकाकडे गेल्यात? कोणाशी भांडून गेल्या? पोरं वैतागतात. आतून आवाज येतो, "काकू, माझी बायकोसुद्धा एवढी चौकशी करत नाही!" मी म्हणते, "तिला तू परत नको असशील, मला हवायस." आणि एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून करते. झाकण उघडायच्या आधी मी कठड्याला दोरी बांधते आणि तिचं दुसरं टोक माझ्या कमरेला. गाठ तुझ्या वेणीवालीच. दोरीची लांबी अशी, की हात दांड्यापर्यंत पोहोचावा आणि त्यापुढं फार काही नाही. सगळे हसायचे. "काकू, तुम्हाला कोण पळवून नेणार आहे?" मी म्हणायचे, "वारा फार असतो रे वर." का बांधते, ते मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

आता मागच्या महिन्याचं. हे मी तुला कळवलं नाही. त्या दिवशी टाकीत छोटा लंबू उतरला. लंबूकाकांचा मुलगा. बापापेक्षा हातभर बुटका, तरी नाव तेच पडलं. तुझ्यापुढच्या वर्गात होता, तुझ्या चपला लपवायचा. आता त्याला जुळ्या मुली आहेत. हवा मोजली, चांगली होती. हवा मोजायचं यंत्र त्याच्या पट्ट्याला होतं. तो उतरला, मी वर बांधून घेऊन बसले आणि जुळ्यांची चौकशी चालू केली. मोठी चावते म्हणाला. धाकटी? धाकटी तिला चावू देते म्हणाला. मी हसले. मग विचारलं, "आणि तुझी बायको काय करते तेव्हा?" तो म्हणाला, "मोठी चावते." मी म्हटलं, "ते झालं रे. बायको काय करते?" आतून नुसतं हसू आलं. पोटातून, लहान मुलासारखं. त्याच क्षणी त्याच्या पट्ट्याचं यंत्र किंचाळायला लागलं. यंत्र किंचाळतंय आणि हा हसतोय. "वर ये!" मी ओरडले, "शिडी धर!" तो म्हणाला, "काकू, किती छान वाटतंय." आणि मग काहीतरी पडल्याचा आवाज, आणि हसू बंद.

आता पुढचं नीट वाच, मुंगी. मी भोंग्याकडे हात नेला नाही. दांड्याकडेही नाही. मला नियम येत होता, मीच तो नवीन पोरांना पाठ करून घेते. आत नायट्रोजन आहे हे मला त्या टाकीवरच्या कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. त्यानं माझं घर मोडलं होतं. तरी मी उठले कधी ते मला कळलं नाही. मला कळलं तेव्हा माझा एक पाय झाकणाच्या आत पहिल्या पायरीवर होता आणि दुसरा खाली चालला होता. मी ठरवलं नव्हतं. मला तू आठवली नाहीस. मी विसरलेही नाही. आठवायला आणि विसरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळच तिथं नव्हता. खाली एक माणूस पडला होता, आणि पाय निघाला होता.

मग कमरेला हिसका बसला. दोरी ताणली गेली. पाय दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचेना. एक क्षणभर मी त्या दोरीवर इतकी चिडले, की सोडवायला गाठीला हात घातला. ती गाठ घाईत सुटत नाही. तुझ्या बाबांनी खरंच सांगितलं होतं. तेवढ्यात मला भान आलं. मी वर आले, भोंगा दाबला, दांडा धरला आणि फिरवायला लागले. तो जड होता ग, ओल्या गोणीसारखा. भोंगा ऐकून वेल्डर धावत वर आला आणि माझ्याकडे न बघता सरळ झाकणाकडे निघाला. चांगला शिकलेला, दोनदा प्रशिक्षण झालेला माणूस. मी त्याची कॉलर पकडली आणि ओरडले, "मेल्या, उतरलास तर तंगडी तोडीन! दांडा फिरव!" तो फिरवायला लागला. दोघांनी मिळून ओढलं. लंबूचं डोकं वर आलं तेव्हा ओठ निळे होते. पुढं माणसं आली, ऑक्सिजन लावला, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी त्याच्या पायाशी बसून "बायको काय करते? सांग की रे, बायको काय करते?" एवढंच म्हणत होते. शेवटी त्यानं डोळे उघडले. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून थोडं लांबलं असतं तर वाचला नसता. झडप पुन्हा गळली होती, तेही नंतरच कळलं. आता बरा आहे. परवा येऊन गेला, जुळ्यांना घेऊन. मोठी खरंच चावते.

घरी आल्यावर मी कमरेची दोरी सोडायला बसले. कारखान्यात ती कठड्याकडूनच सोडवली होती, कमरेची गाठ तशीच घेऊन आले होते. ती सोडवता सोडवता मी रडले. बाबा गेल्यावर इतकी रडले नव्हते. कारण इतक्या वर्षांनी मला माझं उत्तर मिळालं. ते आपल्याला टाकून गेले नाहीत, मुंगी. त्यांनी आपल्यात आणि लंबूकाकांत निवड केलीच नाही. त्यांचा पाय निघाला. माझाही निघाला. फरक एवढाच, की त्यांना कुणी बांधलेलं नव्हतं.

म्हणून तू "मी बाहेरच थांबणार" म्हणालीस तेव्हा मी फोन ठेवला. आत जाणाऱ्यांच्या पाठीवर त्यांची हवा असते. बाहेर थांबणाऱ्याच्या पाठीवर काही नसतं. दुसऱ्या कुठल्याच ग्रहावर माणसाला श्वास घेता येत नाही, हे तुला लहानपणीच कळलंय. तुझ्या खोलीत आणि त्या टाकीत एकच हवा आहे, हेही तू मला समजावू शकशील. पण काचेपलीकडे ओळखीचं माणूस कोसळलं, की हे सगळं ज्ञान पायांपर्यंत पोहोचत नाही. माझं पोहोचलं नाही. आणि तू तर लहानपणापासून टाळ्या ऐकत वाढलेली, बाबांसारखी होणार म्हणणारी. काम सोडू नकोस. मी तसं म्हणणार नाही, माझ्या पोरीला असं काम मिळालं याचा मला अभिमान आहे, तो फोनवर सांगायचा राहिला. फक्त या पत्रासोबत दोरी पाठवतेय. माझीच आहे, धुतलेली आहे, तेलाचा वास थोडा राहिला असेल. सोमवारी दार उघडायच्या आधी एक टोक भिंतीतल्या कशाला तरी पक्कं बांध आणि दुसरं कमरेला. हात बटणापर्यंत पोहोचेल आणि पाय दारापर्यंत पोहोचणार नाही, एवढीच ठेव. लोक हसतील. सांग, आमच्याकडे असंच करतात. गाठ तुला येते, तुझ्या वेणीची बाबांनी मारलेली गाठ तू कितीतरी दिवस मला सोडू दिली नव्हतीस. आणि छोट्या लंबूच्या त्या दिवसानंतर मी काय केलं असं तू विचारशील, तर सांगते. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून नवी दोरी घेतली, कामावर गेले, स्वतःला कठड्याला बांधलं आणि मग झाकण उघडायला सांगितलं.

कठड्याशी बांधलेली, तुझीच,
आई